फळा किती दिवसांनी पुसावा?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला पत्रपेट्या आहेत आणि पत्रपेट्यांच्या वर फळा. फळ्याच्या माथ्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं 'आजचा सुविचार' असं कायमचं रंगवून ठेवलंय. त्याखाली खडूनं लिहिलेलं वाक्य होतं, 'वेळ कुणासाठी थांबत नाही.' हे वाक्य चौदा महिने थांबलं होतं.

लिहिणारे सेक्रेटरी मुलाकडे बाणेरला राहायला गेले, तेव्हापासून फळ्याला कुणी हात लावला नव्हता. पावसाच्या झडीनं 'थांबत'मधला 'ब' वाहून गेला. पण पुणेकर वाचकाला गाळलेल्या जागा भरायची सवय असते आणि त्या दुसऱ्याच्या असतील तर हौसही असते.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. गणसंख्येअभावी ती रीतसर अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच अकरा माणसांत, त्याच थर्मासभोवती पुन्हा भरली. पार्किंग, लिफ्ट, गळती आणि कबुतरं आटोपल्यावर 'आयत्या वेळचे विषय' निघाले. बी विंगमधल्या आजी म्हणाल्या, "तो फळा एकदा पुसा रे. रोज भाजीला जाताना तेच वाचते. आता मलाच वाटायला लागलंय, वेळ खरंच थांबलीय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी एका दैनिकात वाचकांच्या पत्रव्यवहारात माझं एक पत्र छापून आलं होतं. विषय होता, पदपथावर लावलेल्या दुचाकी. दुचाकी अजून पदपथावरच लागतात, पण तेव्हापासून सोसायटीत मी 'लिहिणारा' आहे. अध्यक्षांनी खडूची डबी आणि फडकं माझ्या हातात दिलं. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "बदलायचा किती दिवसांनी?"

पुण्यात अकरा माणसांना प्रश्न विचारू नये. रस्तासुद्धा एकट्यादुकट्यालाच विचारावा. पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी, आपल्याकडे कुठल्याही कामाचं जे होतं ते झालं. उपसमिती नेमली.

उपसमितीत पाच जण. निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार. विषय ज्यांनी काढला त्या आजी. ए विंगमधला आयटीतला मुलगा, ज्याला 'तरुणांचा दृष्टिकोन' म्हणून घेतलं होतं. आणि खडूची डबी सांभाळणारा मी.

पहिली बैठक मास्तरांच्या दिवाणखान्यात झाली. मास्तरांचं मत तयार होतं. "रोज. वर काय लिहिलंय? आजचा. परवा वाचला तर तो परवाचा होतो. शाळेत आम्ही रोज बदलत होतो."

खजिनदारांनी खिशातून पेन काढलं. "एका सुविचाराला अर्धा खडू धरला तर वर्षाला एकशे साडेब्याऐंशी खडू लागतील. लीप वर्षी वेगळा हिशेब."

मला खडूची चिंता नव्हती. वर्षाला ३६५ सुविचार आणायचे कुठून, ही होती. अख्ख्या मराठी भाषेत खरे सुविचार चाळीसेक असावेत. बाकीचे सगळे त्यांचेच चुलत आणि मावस भाऊ. पण हे मास्तरांना सांगायची सोय नव्हती. त्यांना पटतो फक्त इतिहास, म्हणून मी इतिहासाला हात घातला.

"मास्तर, पुण्यात रोज निघण्याची घाई कुणी केलीय? ज्ञानप्रकाश १२ फेब्रुवारी १८४९ ला निघालं ते साप्ताहिक म्हणून. त्याचं दैनिक कधी झालं?"

"१९०४ साली," मास्तर.

"म्हणजे पंचावन्न वर्षांनी. आणि केसरी?"

"१८८१ साली साप्ताहिक. मग आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. दैनिक १९६२ मध्ये." मास्तरांचा आवाज थोडा खाली आला.

"एक्क्याऐंशी वर्षं," खजिनदार म्हणाले. वजाबाकी त्यांच्या हाताखालून कधी सुटत नाही. "मग आपणही साप्ताहिकापासून सुरुवात करू. एक्क्याऐंशी वर्षांनी पुन्हा उपसमिती नेमू."

मी म्हटलं, "मुंबईचं दर्पण बघा. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी पाक्षिक काढलं आणि ४ मेला त्याचं साप्ताहिक झालंसुद्धा. चार महिन्यांत."

"मुंबई," मास्तर म्हणाले. स्वर असा, की एखाद्या हुशार पण धावत जेवणाऱ्या मुलाबद्दल बोलावं.

आयटीतल्या मुलानं फोनमधून डोकं वर काढलं. "पण सकाळ १ जानेवारी १९३२ ला निघाला तो पहिल्या दिवसापासून दैनिक. पुण्यातच."

"नानासाहेब परुळेकर अमेरिकेत शिकून आले होते," मास्तर म्हणाले आणि तो विषय संपला.

रोजचा प्रस्ताव अशा तऱ्हेनं बारगळला. पोहे आले. साप्ताहिकावर साधारण एकमत होतंय असं वाटत असतानाच आजींनी विचारलं, "वार कुठला?" आणि दुसरी बैठक लागली.

दुसऱ्या बैठकीला मास्तर एका पाठकोऱ्या कागदावर तक्ता करून आले होते. जुन्या पत्रांच्या पहिल्या अंकांच्या तारखा घेऊन त्यांनी वार काढले होते. ज्ञानप्रकाशचा पहिला अंक सोमवारी. आगरकरांच्या सुधारकाचा १५ ऑक्टोबर १८८८ ला, तोही सोमवारी. केसरी ४ जानेवारी १८८१, मंगळवार. त्याच्या दोन दिवस आधी निघालेला इंग्रजी मराठा, रविवार. शिवराम महादेव परांजप्यांचा काळ २५ मार्च १८९८, शुक्रवार. तक्ता पाहिल्यावर असं वाटलं, की एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात विद्वानांची एक गुप्त बैठक झाली असावी आणि तिथे वार वाटून घेतले असावेत. म्हणजे सोमवारी समाज सुधारायचा, मंगळवारी सरकारला सुनवायचं, शुक्रवारी तेच जरा जहाल करून सांगायचं आणि रविवारी ते इंग्रजीत साहेबापर्यंत पोहोचवायचं. सोमवारी पुन्हा समाज आहेच.

"या तक्त्यात बुधवार, गुरुवार आणि शनिवार मोकळे दिसतात," खजिनदार म्हणाले. मोकळी जागा दिसली की त्यांना ठेव ठेवावीशी वाटते. "गुरुवार घेऊ."

"गुरुवारी पाणी नसतं," आजी म्हणाल्या.

यावर कुणी काही बोललं नाही. पुण्यात पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारीच निघतात. मग शुक्रवारी सकाळी पाणी 'उशिरा व कमी दाबाने' येतं. हे चार शब्द पुणेकराला संध्येसारखे पाठ असतात. पण सुविचाराचा पाण्याशी काय संबंध, असं तेव्हा आम्हा चौघांनाही वाटलं. आजींचं बोलणं इतिवृत्तात घेतलं नाही.

मास्तरांनी मंगळवार लावून धरला. कारण अर्थातच केसरी. पण त्यावर ते जे बोलले ते मात्र मी अजून विसरलेलो नाही. रँडच्या खुनानंतर सरकारनं पुण्यावर दडपशाही सुरू केली. तिच्यावरचा 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा टिळकांच्या केसरीतला अग्रलेख ६ जुलै १८९७ चा. "त्या दिवशी मंगळवार होता," मास्तर म्हणाले. "म्हणजे बघा, एवढा संताप, आणि तो अंकाच्या वारापर्यंत धरून ठेवला. आज आपल्याला राग आला की अंगठा चालतो, तीन मिनिटांत शंभर जणांना पाठवून मोकळे. राग धरून ठेवता आला पाहिजे. मंगळवारपर्यंत टिकला तर तो राग. नाही टिकला तर नुसतं पित्त."

आयटीतला मुलगा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला तरी उत्तर टाइप करत होता. त्यानं ते खोडलं. मी पाहिलं.

घरी येऊन हा सगळा वृत्तान्त बायकोला सांगितला. ती म्हणाली, "अहो, साप्ताहिक कशाला? महिन्यातून एकदा करा. तुमच्याच्यानं तेवढंच होईल." तिचं म्हणणं मला अपमानास्पद आणि सोयीचं वाटलं. सोयीचं होतं म्हणून मी तिसऱ्या बैठकीत मासिकाची बाजू मांडली. तिलाही पुणेरी आधार होताच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला. १८७४ साली सुरू झाली, ८४ अंक निघाले, जवळजवळ सगळा मजकूर एकट्याच्या हातचा. शिवाय एकेक निबंध अनेक अंकांत चालायचा. म्हणजे मलाही एकच सुविचार चार हप्त्यांत देता आला असता. पहिल्या महिन्यात 'वेळ', दुसऱ्यात 'कुणासाठी' आणि खाली 'अपूर्ण'.

"चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी नोकरी सोडली होती," खजिनदार म्हणाले. "तुम्ही काय सोडणार?"

माझ्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं. निवृत्तिवेतन सोडणार नव्हतो.

हप्त्यांवरून मास्तरांना हरिभाऊ आपटे आठवले. १८९० साली त्यांनी करमणूक हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच हप्त्याहप्त्यानं दिली. बायकांच्या हालअपेष्टांवरची ती कादंबरी. आमचा विषय तिच्यापुढे पोरकटच. तरी एक मात्र खरं, फळ्यावरच्या सुविचारांच्या संग्रहाला याहून चपखल नाव सुचणार नाही.

मग वार्षिकाचा प्रस्ताव आला. तो खजिनदारांचा, कारण त्यात खडू सर्वांत कमी लागत होता. मराठी लेखकाचं वर्ष तसंही दिवाळीलाच उगवतं. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईत मनोरंजनचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी साहित्य फराळाबरोबर येतं. आमचा एक लेखक मित्र दहा महिने काही लिहीत नाही. विचारलं तर म्हणतो, चिंतन चाललंय. जुलैत संपादकांचे फोन सुरू झाले की चिंतन एकदम संपतं आणि तो चार कथा, दोन ललित लेख आणि एक व्यक्तिचित्र पाडतो. 'पाडतो' हा शब्द त्याचाच. चकल्या जशा.

"गीतारहस्य घ्या," मास्तर पुन्हा उसळले. "मंडालेच्या तुरुंगात काही महिन्यांत लिहिलं. छापून १९१५ साली आलं. मोठं काम वारावर होत नसतं."

"मग यांनाही कुठेतरी पाठवावं लागेल," खजिनदार माझ्याकडे बघत म्हणाले. या प्रस्तावाला जेवढा पाठिंबा मिळाला, तेवढा तोवर एकाही प्रस्तावाला मिळाला नव्हता.

एव्हाना डिसेंबर उजाडला होता. तीन बैठका, दोनदा पोहे, एकदा उपमा, साडेसहा पानांचं इतिवृत्त आणि फळ्यावर अजून 'वेळ कुणासाठी थां त नाही'. तेवढ्या दिवसांत रोज लिहिलं असतं तर नव्वद सुविचार झाले असते. तेव्हा मला माझं स्वतःचंच एक गुपित कळलं. कधी लिहायचं हे ठरवण्याइतका लिहिणं टाळायचा अब्रूदार मार्ग दुसरा नाही. नुसता झोपून राहिलो असतो तर बायको बोलली असती. पण मी पाठकोरे कागद आणि तक्ते घेऊन बसलो होतो. अशा माणसाला कोण आळशी म्हणेल?

कोंडी फोडली ती आजींनी. चौथ्या बैठकीत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे पेपरवाल्यांचंच काय सांगताय? मी गीतरामायण ऐकलंय. पहिल्यांदा. रेडिओवर."

खोली शांत झाली. पुण्यात काही वाक्यांनंतर खोली शांत होते, त्यातलं हे एक.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि मग दर आठवड्याला एक नवं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आजी तेव्हा अकरा वर्षांच्या. वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. "सकाळी आई आम्हाला केस ओले तसेच घेऊन जायची. मालकीणबाई रेडिओला हार घालायच्या. आम्ही दाराबाहेर पायरीवर. गाणं संपलं की आई म्हणायची, आता पुढच्या आठवड्यात बघू राम कुठवर पोचतो ते." आजी थांबल्या. "अरे, गोष्ट काय कुणाला ठाऊक नव्हती? राम कुठवर पोचणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी वाट बघायचो. वार ठरलेला होता म्हणून बघायचो."

"वर्षाची बावन्न झाली असतील," खजिनदार पुटपुटले.

"छप्पन्न," आजी म्हणाल्या. "त्या वर्षी अधिक महिना आला."

खजिनदारांचं पेन थांबलं. आठवड्याच्या हिशेबात अधिक महिना धरायचा राहिला होता.

त्यातच मास्तरांनी ती प्रसिद्ध आठवण सांगितली. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, तेव्हा आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी गदिमांना एका खोलीत बसवून दाराला कडी लावली आणि गीत लिहून झाल्यावरच ती काढली, असं सांगतात. मला त्या गोष्टीतली कडी फार आवडली. गदिमांच्या प्रतिभेबद्दल आपण काय बोलणार? पण प्रतिभा सगळ्यांनाच मिळत नाही, कडी मिळू शकते. वार ही ती कडी. ती वाचकासाठी नसतेच. वाचक आपला पायरीवर बसून असतो. ती आतल्या माणसासाठी, बाहेरून लावलेली असते.

ठराव झाला. दर मंगळवारी, सकाळी आठच्या आत. सूचक आजी, अनुमोदक मास्तर. अधिक महिन्यात खडूचा जादा खर्च मंजूर.

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी मी फळा धुतला. नुसता पुसून भागणार नव्हतं. चौदा महिन्यांचा खडू ओल्या फडक्यालाही दाद देईना, तेव्हा काथ्यानं घासला. 'वेळ' हा शब्द मात्र पूर्ण गेला नाही. उन्हात तिरक्या नजरेनं पाहिलं तर अजून दिसतो. त्यावर मी सुविचार लिहिला, भोवती वेलबुट्टी काढली. सव्वाआठला मास्तर खाली आले, त्यांनी वाचलं, खिशातून स्वतःचा खडू काढला आणि माझ्या एका ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ केली. "छान," म्हणाले.

पहिले चार मंगळवार सणासारखे गेले. पाचव्यापासून सोमवारची संध्याकाळ कुरतडायला लागली. साडेनऊला जेवण झालं की मी कपाटातली पुस्तकं चाळायचो. दहा वाजता दिनदर्शिकेची मागची पानं. साडेदहाला उदबत्तीच्या पुड्यावर काय छापलंय ते. अकरा वाजता बायकोनं दिवा मालवला की अंधारात मराठी भाषेतले सगळे थोर विचार माझ्यापुढून नावं न सांगता निघून जायचे. सातव्या आठवड्यात मी लिहिलं, 'आरोग्य हीच संपत्ती.' आठव्यात, 'संपत्तीपेक्षा आरोग्य श्रेष्ठ.' नवव्या आठवड्यात माझी मान दुखत होती आणि फळ्यावर आलं, 'मान मिळवावा, मागू नये.'

पण एक गोष्ट घडली. बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर मी बुधवारपासूनच इकडेतिकडे बघायला लागलो. भाजीवाली काय बोलते, रिक्षावाला आरशावर काय चिकटवतो, पीएमटीत मागे बसलेले दोन म्हातारे कशावर भांडतात. (पीएमटीची पीएमपीएमएल होऊन किती वर्षं झाली, पण बस अजून पीएमटीच.) मंगळवार समोर दिसत असला की माणूस रस्त्यानं रिकाम्या पिशवीनं चालत नाही. काही ना काही उचलत जातो. मला वाटायला लागलं, मी अगदीच टाकाऊ लिहीत नसेन.

मग वाचक मोजायची दुर्बुद्धी झाली. एका मंगळवारी सकाळी आठ ते दहा मी स्कूटर पुसायच्या निमित्तानं पत्रपेट्यांजवळ थांबलो. आयटीतल्या मुलानं सांगितलं होतं, लोक वाचतात की नाही ते मोजलं पाहिजे. मोजलं. दोन वाचक. एक जण कुत्रा फिरवायला निघालेला आणि कुत्र्याचंच काही काम निघाल्यामुळे तिथे थांबलेला. दुसरा पार्सलवाला, ओटीपी यायची वाट बघत उभा. तो मोठ्यानं वाचत होता. ओटीपी आला तेव्हा वाक्य अर्धं होतं. ते तसंच सोडून तो लिफ्टकडे गेला.

आता आमच्या वॉचमनमामांबद्दल सांगायला हवं. मामा मूळचे उदगीरकडचे. फळ्याचा उजवीकडचा खालचा कोपरा, वीतभर रुंद, वहिवाटीनं त्यांचा. पाणी बंद राहणार असेल त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुधा बुधवारी, मामा तिथे लिहितात, 'उद्या पानी नाही.' पाणी येणार असेल तर काही लिहीत नाहीत. त्यांच्या मजकुराला वार नाही, ठराव नाही, वेलबुट्टी नाही. खडूसुद्धा मी टाकून दिलेले तुकडे. आणि दर खेपेला अर्ध्या तासाच्या आत मास्तर खाली येऊन 'पानी'चं 'पाणी' करतात. मामांना ते ठाऊक आहे. पुढच्या खेपेला ते पुन्हा 'पानी'च लिहितात. लेखक आणि संपादक यांचे संबंध इतके निरोगी मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

मे महिन्यात मामा पुतणीच्या लग्नाला गावी गेले. बदली म्हणून आलेला मुलगा नवा होता. त्या आठवड्यात मंगळवारी माझा सुविचार झकास जमला होता, पाण्याच्या बचतीवर. थेंबांची वेलबुट्टी होती. आणि गुरुवारी सकाळी सव्वासातला आमच्या घरातला शॉवर खाकरला आणि गप्प झाला.

मी डोक्याला शाम्पू लावून उभा होतो. बाहेरून एकेका मजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले. पंधरा मिनिटांत सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली, फळ्यापुढे. अठ्ठावीस बिऱ्हाडं. एवढी माणसं वार्षिक सभेला आली असती तर ती कधीच तहकूब झाली नसती. सगळ्यांच्या नजरा उजव्या कोपऱ्याकडे. कोपरा रिकामा. "लिहिलंच नाही!" "असं कसं लिहिलं नाही?" "बुधवारी लिहितात ना?" टॉवेल गुंडाळून मी मागे उभा होतो. मधोमध माझा सुविचार होता, थेंबांसकट. तो तेव्हा सगळ्यांना दिसला. दिसून काही उपयोग झाला असं मात्र म्हणता येणार नाही. कुणीतरी म्हणालं, "वर हे पाण्याचं काय लिहिलंय? ही चेष्टा आहे का?"

मामा रविवारी परत आले. बुंदीचे लाडू आणले होते. मी त्यांना गुरुवारची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "मामा, तुमचं बरंय. तुम्हाला वाचणारे आहेत."

"माझं कुठलं साहेब, पाण्याचं वाचत्यात," मामा म्हणाले. मग जरा थांबून, "तुमचं किती दिवसानं असतंय?"

"दर मंगळवारी."

"कामून मंगळवारी?"

मी केसरी, टिळक आणि ४ जानेवारी १८८१ हे सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर हाय," म्हणाले. "पर लोक तर बुधवारी येतेत."

पाचवी बैठक बोलावली नाही. लाडवाची पुडी घेऊन मी आजींकडे गेलो आणि मामा काय म्हणाले ते सांगितलं. आजी हसल्या. "गुरुवारी पाणी नसतं, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही लिहून घेतलं नाही."

आता सुविचार बुधवारी असतो. कडी तीच, फक्त दार बदललं. जागाही अदलाबदल केली. मधोमध मामा लिहितात, उजव्या कोपऱ्यातली वीतभर जागा माझी. त्यामुळे वाक्यं आखूड झाली, हा अनपेक्षित फायदा. पाण्याची बातमी नसेल त्या बुधवारी मधली जागा मोकळी असते आणि लोक ती मोकळी आहे हे बघायला येतात. आलेच आहेत तर कोपऱ्यावरही नजर टाकतात. परवा पार्सलवाल्यानं माझं वाक्य शेवटपर्यंत वाचलं. ओटीपी आलेला होता, तरी.

मास्तरांचं मात्र थोडं बिनसलंय. गेल्या बुधवारी ते नेहमीसारखे खडू घेऊन खाली आले. मामांनी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्या पाणी नाही.' ण अगदी ण. मास्तर बराच वेळ फळ्यापुढे उभे राहिले. मग इकडेतिकडे पाहून खाली वाकले आणि माझ्या कोपऱ्यातली एक वेलांटी पुसू लागले.

ती बरोबर होती. मी काही बोललो नाही.